बैलाच्या पाठीवरचा डाग

“ती कानस बी ने, म्हस्कू. मागं ठिवू नगंस. राहिली तर रोज हाताला लागंल.”

ज्ञानूतात्या ओट्यावर बसून सांगत होते आणि म्हस्कू सुतार त्यांची हत्यारांची पेटी मोटारसायकलच्या मागच्या सीटवर सुतळीने आवळत होता. पटाशा, रंधे, कोरण्या, बारीक करवती, सगळं त्या पेटीत. मी माझी गाडी लिंबाखाली लावली आणि बघतच राहिलो. एकदा भागुबाईंनी तात्यांच्या पटाशीने नारळातलं खोबरं काढलं होतं, तर तात्या दोन दिवस बायकोशी बोलले नव्हते. तो माणूस आज आपल्या हाताने पेटी देत होता.

“तात्या, ह्ये काय चाललंय?”

“काय न्हाय. म्हस्कूला उपयोगी पडंल. माझं झालं आता.”

खोटं कशाला बोलू, मी त्या सकाळी कळस गावातल्या त्यांच्या घरी गेलो होतो तो स्वतःची स्तुती ऐकायला. आठ दिवसांपूर्वी त्यांच्या खेळण्यांचे मोठे फोटो काढून, बारामतीहून त्यांचा अल्बम करून आणून मी त्यांच्या हातात ठेवला होता. त्यानंतर ना फोन, ना निरोप. कलावंत माणूस एक वेळ उपाशी राहील, पण आठ दिवस कौतुकावाचून राहू शकत नाही. निदान मी तरी नाही.

स्टँडसमोरचा ‘राजलक्ष्मी फोटो स्टुडिओ’ माझा. पाटीवर नाव बायकोचं, आत मी. एकतीस वर्षं झाली. दहावीच्या हॉलतिकिटाचा फोटो माझ्याकडे, साखरपुड्याचा माझ्याकडे, आणि म्हातारं माणूस गेलं की हार घालायला जो फोटो लागतो तोही माझ्याचकडे. हल्ली सगळ्यांच्या खिशात कॅमेरा आला, तरी “हिंदुरावांचा फोटो म्हंजी उजेड पडतो” असं गावात अजून म्हणतात. आणि उजेड मी पाडायचोच. फ्लॅश असा भक्कन मारायचा की समोरच्याने पुढची दोन मिनिटं चाचपडत चाललं पाहिजे, ही माझी पद्धत.

तात्या वालचंदनगरच्या कारखान्यात पॅटर्न शॉपला होते, चौतीस वर्षं. लोखंडाचा मोठा भाग ओतायचा तर आधी तो लाकडात हुबेहूब करतात. त्या लाकडाभोवती वाळू ठासायची, लाकूड अलगद काढून घ्यायचं आणि राहिलेल्या पोकळीत तापलेला रस ओतायचा. लोखंड कुठल्याकुठे जातं, लाकूड मागे राहतं. ते लाकूड तात्या करायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी त्याच हातांनी खेळणी करायला घेतली. अंगठ्याएवढी बैलगाडी, ऊस पिळायच्या गोल लाटांसकट रसाचा चरक, डिझेल इंजिन, ऊस भरलेली ट्रॉली. नातवंडांसाठी म्हणून केली आणि नातवंडांचे हात लागू नयेत म्हणून काचेच्या कपाटात ठेवली. प्रत्येकाला आरशासारखं पॉलिश. साच्याला वाळू चिकटली तर काम वाया, म्हणून लाकूड गुळगुळीत करायची चौतीस वर्षांची सवय. ती काही खेळण्यांपुरती सुटत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा डोळा बिघडला. मोतीबिंदू नव्हे, आतल्या पडद्याचा आजार. बारामतीच्या डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शनं दिली तरी मधोमध डाग राहिलाच. “डावा सांभाळा,” डॉक्टरांनी बजावलं, “त्यात डाग दिसला की त्याच दिवशी या.” पुढे पुढे डाव्यालाही बारीक काही दिसेना. तात्या कपाटासमोर उभे राहायचे, काचेला नाक लावायचे आणि परत येऊन बसायचे. ते बघवेना म्हणून त्यांची सून अंजली माझ्याकडे आली. ती आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे, हुशार पोरगी. म्हणाली, “काका, एकेका खेळण्याचा वहीच्या पानाएवढा फोटो काढा. मामांना त्यांची खेळणी दिसू देत.” आणि मी काढले.

“फोटो कसं झालं, तात्या?” शेवटी मीच विचारलं. लाज सोडली की काम सोपं होतं.

“झ्याक. एक लंबर. फोटोला नाव ठिवायला जागा न्हाय, हिंदुराव. माझ्या डोळ्यालाच काय दिसंना, त्याला तुमी काय करणार?”

मी अंजलीकडे पाहिलं. ती दारात ड्यूटीची पर्स खांद्याला लावून उभी होती, पण ड्यूटीवर जायची तिची चिन्हं नव्हती. “डाव्या डोळ्यात डाग आलाय म्हणतात,” ती म्हणाली. “आठ दिवस कुणाला बोलले नाहीत. काल जेवताना सांगितलं. मी लगेच उद्याचा नंबर लावला, तर येणार नाही म्हणतात.”

“न्हायच येणार,” तात्या म्हणाले. “एका डोळ्यात सात सुया टोचून घेतल्या. तरी गेलाच. आता दुसऱ्यात न्हाय घ्यायच्या. जाईल तवा जाईल.”

आतून भागुबाईंचा सुपात धान्य पाखडायचा आवाज येत होता. तो थांबला.

“कसला डाग दिसतोय, तात्या?”

“पांढरा.”

“कुठं?”

“बैलाच्या पाठीवर. चरकाच्या लाटंवर. इंजनाच्या चाकावर तर एवढा, की निम्मं चाकच गायब. तुमच्या अल्बमचं कुठलंबी पान उघडा, डाग हायच. कुठं बारका, कुठं मोठा.”

“आन अल्बम मिटल्यावर?”

“मिटल्यावर काय दिसायचंय? बारकं बघाय गेलं की डाग येतोय. उजव्याचं बी असंच सुरू झालं हुतं.”

अल्बम कोनाड्यात होता. मी तो घेतला आणि बैलगाडीचं पान उघडलं. गाडी होती, जू होतं, बैल होते. आणि डाव्या बैलाच्या पाठीवर, वशिंडाच्या मागे, रुपयाएवढा पांढराफेक डाग होता. माझा फ्लॅश. पॉलिशवर आपटून परत आलेला माझा स्वतःचा उजेड. मी पान उलटलं. चरकाच्या लाटेवर डाग. इंजिनाच्या चाकावर डाग, आणि खरोखरच निम्मं चाक गायब.

मला हे आधी का दिसलं नाही? नवरदेवाच्या कपाळावर, चष्म्याच्या काचेवर, मास्तरांच्या टकलावर असला डाग मी एकतीस वर्षं बघत आलो होतो. इतका की तो मला दिसायचाच बंद झाला होता.

माणूस किती नीच असतो ते सांगतो. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की गप्प बसावं. डॉक्टर तपासतील तेव्हा डोळा ठीक निघेल, सगळे आनंदी होतील आणि माझ्या फोटोचं नाव कुणी काढणार नाही. पण तात्या डॉक्टरकडे जाणारच नव्हते. तिकडे म्हस्कूने किक मारली.

“म्हस्कू, गाडी बंद कर जरा,” मी म्हणालो. मग तात्यांकडे वळलो. “तात्या, डाग तुमच्या डोळ्यात न्हाय. माझ्या फोटोत हाय.”

तात्या हसले. लहान मुलाने थाप मारली की हसतात तसे. “माझं मन राखाया खोटं बोलू नगा, हिंदुराव. चांगलं माणूस हाय तुमी. पर खोटं नगं.”

“अवो, खरंच हाय! अंजली, तू सांग. दिसतोय का न्हाय डाग?”

अंजली पुढे आली. तिने पान पाहिलं आणि तिचा चेहराच बदलला. “मामा, तुम्ही ह्याला डाग म्हणताय? हा तर मला पण दिसतोय.”

“मग त्या दिशी मी तुमा दोघींना इचारलं न्हवतं? काय दिसतंय म्हणून?”

भागुबाई सूप घेऊन बाहेर आल्या होत्या. “मला वाटलं खेळणं इचारताय,” त्या म्हणाल्या. “बैल दिसतोय म्हणून मी सांगितलं. चमक तर काय, फोटू म्हणल्यावर आसतीच.”

“आणि काका समोर उभे होते,” अंजली माझ्याकडे न बघता म्हणाली. “माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये माझ्या नाकावर पण आहे तसं. आम्ही काही बोललो का?”

गावात माझ्या फोटोला कुणी नाव ठेवत नाही याचा मला आजवर फार अभिमान होता. त्याचं कारण असं भर ओट्यावर कळलं.

पण तात्यांचा विश्वास बसेना. त्यांनी आमच्या तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं. “तुमी समदी एक झालाय. मला बारामतीला न्यायचं म्हणून.” मग ते म्हणाले, “आमच्या शॉपला एक रीत हुती. साचा बरुबर का चूक, ह्यावर वाद घालायचा न्हाय. वतून बघायचं. हिंदुराव, तुमी बिनडागाचा फोटो आणा. डाग गेला तर तो तुमचा. राहिला तर माझा, आन मग मला कुणी बारामतीला चल म्हणायचं न्हाय. कबूल?”

“कबूल,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

“आजच आणा. म्हस्कू, तू कामावरनं माघारी जाताना पाचला ये. पेटी ऱ्हाऊ दे तवर तशीच गाडीवर.”

बैलगाडी, चरक आणि इंजिन मिठाईच्या खोक्यात कापूस घालून अंजलीने माझ्याकडे दिलं. तिने आवाज खाली करून एवढंच सांगितलं, “काका, डाग खरंच डोळ्यात असला तर एकेक दिवस महत्त्वाचा आहे. आणि नसला तरी तपासायला न्यायलाच हवं. आता सगळं तुमच्यावर आहे.”

एकतीस वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. लग्नातसुद्धा खरी जबाबदारी भटजी आणि आचाऱ्यावर असते.

स्टुडिओत आलो, शटर अर्धं ओढलं आणि बैलगाडी काळ्या मखमलीवर ठेवली. फ्लॅश बंद करून ट्यूबवर फोटो काढला. रुपयाएवढा डाग गेला आणि त्याच्या जागी बैलाच्या मानेपासून शेपटीपर्यंत पांढरी सरळ रेघ आली. ट्यूब अख्खीच्या अख्खी पाठीवर झोपली होती. मग फ्लॅशचं तोंड छताकडे केलं. उजेड छतावर आपटून मऊ होऊन खाली येतो, हे मी कुठेतरी ऐकलं होतं. येतोही. पण माझ्या स्टुडिओचं छत मीच हौसेने आकाशी रंगवलेलं. बैल निळा पडला.

तेव्हा मला धंद्यातला जुना उपाय सुचला. घामेजलेल्या माणसाचं कपाळ चमकायला लागलं की आम्ही काय करतो? आरशाशेजारी कंगवा आणि पावडरचा डबा उगाच नसतो. मी कापसाचा बोळा घेतला आणि बैलाच्या पाठीला, मानेला, चाकांना, लाटांना मनापासून पावडर लावली. चमक गेली, यात शंकाच नाही. पण फोटोत बैल महिनाभर आजारी असल्यासारखे दिसायला लागले, आणि पावडर जुवाच्या खाचेत, आऱ्यांच्या सांध्यांत जाऊन बसली. लेन्स साफ करायच्या ब्रशने ती उकरून काढण्यात माझा तास गेला. एक आरा मोडला असता तर तो दुरुस्त करणारी हत्यारं सुतळीने बांधून म्हस्कूच्या गाडीवर होती.

कॉम्प्युटरवर डाग पुसून टाकावा, हेही मनात आलं. दोन मिनिटांचं काम. पण डागाच्या खाली काय आहे ते कॅमेऱ्याने पाहिलंच नव्हतं. तिथे मला माझ्या मनाने रंग भरावा लागला असता. नवरीच्या गालावरचा मुरूम असा झाकता येतो. नवरीला तेच हवं असतं. इथे समोरचा माणूस बैलाच्या पाठीवरची रेघन्‌रेघ स्वतः रंगवणारा. शिवाय त्याने मला साचा पारखायला सांगितलं होतं, साच्यात माती भरून सारखं करायला नव्हे.

साडेबारा वाजले आणि राजलक्ष्मीचा फोन आला.

“अवो, कुठं हाय तुमी? बाया येऊन बसल्यात. डाळिंबावर कापड टाकायचंय आज, ध्यानात तरी हाय का?”

“मला हितं मराया फुरसत न्हाय.”

“मराया नगा येऊ. टोक धराया या.”

आमच्या घरात डाळिंबाची बाग तिची आणि स्टुडिओ माझा. बागेने स्टुडिओला सांभाळलं आहे, उलटं कधी झालं नाही, त्यामुळे तिने बोलावलं की जावं लागतं. मी खोकं डिकीत ठेवलं, कॅमेरा गळ्यात अडकवला आणि चडफडत निघालो. एप्रिलचं ऊन असं की रस्त्याकडे बघवत नव्हतं. बागेच्या अलीकडच्या निम्म्या ओळींवर पांढरं पातळ कापड पडलेलं होतं. लांबून धुणं वाळत घातल्यासारखं दिसत होतं. पलीकडच्या ओळी उघड्या.

“धरा,” राजलक्ष्मीने कापडाचं टोक माझ्या हातात दिलं. “ओढू नगा, फाटंल.”

मी टोक धरून उभा राहिलो. समोरच्या उघड्या झाडावर डाळिंबं लटकली होती, आणि प्रत्येक डाळिंबाच्या उन्हाकडच्या गालावर एक पांढरा चमकता ठिपका. कापूस लावला तर पेट घेईल असा. मी मागे वळून झाकलेल्या ओळीत वाकून पाहिलं. तिथेही डाळिंबं होती. तेवढीच लाल, तेवढीच गोल. ठिपका मात्र एकाही फळावर नव्हता. देठाजवळची बारीक सुरकुतीसुद्धा स्वच्छ दिसत होती.

“उभं काय राहिलाय? फुडं सरका की.”

“राजलक्ष्मी, कापडाखालचं डाळिंब चमकत का न्हाय गं?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मला ऊन लागलं आहे. “चमकंल कसं? कापडातनं ऊन समदीकडनं येतंय. एका जागी बसत न्हाय, म्हणून तर चट्टा पडत न्हाय. इतकी वर्सं तुमी काय समजून कापड टाकताय?”

“तू सांगतीस म्हणून.”

हातातलं टोक टाकून मी गाडीकडे पळालो. मागून तिची हाक आली, मग दुसरी हाक आली, मग तिने माझं नाव घेऊन जे काही म्हटलं ते बायांच्या हसण्यात बुडून गेलं. मी खोकं घेऊन आलो, पाण्याची बादली झाकलेल्या ओळीत उपडी ठेवली, तिच्यावर बैलगाडी मांडली आणि राजलक्ष्मीला तात्यांची सगळी गोष्ट सांगितली. ती ऐकत गेली. शेवटी म्हणाली, “बाया बसतील दहा मिण्टं. काय करायचं ते सांगा.”

पहिला फोटो काढला. डाग नव्हता. मी ओरडणारच होतो, पण फोटो मोठा करून पाहिला तर बैलाच्या पाठीवर आता काळा डाग. पांढरा परवडला म्हणायची वेळ. नीट निरखल्यावर त्या काळ्या डागाला हात दिसले, डोकं दिसलं. तो मीच होतो. पॉलिशच्या आरशात, काळा शर्ट घालून, कॅमेरा धरून उभा.

“थांबा,” राजलक्ष्मी म्हणाली. तिने उरलेल्या कापडाचा तुकडा घेतला, माझ्या डोक्यावरून पायापर्यंत टाकला आणि लेन्सएवढं भोक पाडलं. मग खताची रिकामी गोणी उलटी करून, आतली पांढरी बाजू खेळण्याच्या अंधाऱ्या अंगाला धरून ती स्वतः उकिडवी बसली.

“काकी,” बायांतली मोना म्हणाली, “काकांना बी चट्टा पडू नये म्हणून झाकलं व्हय?”

हसू देत. कापडाच्या आत मला घामाच्या धारा लागल्या होत्या, पण कॅमेऱ्याच्या पडद्यावर जे दिसत होतं त्यावरून माझी नजर हटेना. लाकडाच्या रेषा दिसत होत्या. जुवाला गुंडाळलेला दोरा दिसत होता. आणि बैलाच्या पाठीवर, जिथे माझा डाग होता तिथे, तात्यांनी झूल रंगवलेली होती. हिरवी, तांबड्या काठाची, काठावर राईएवढे पिवळे ठिपके. अंगठ्याएवढ्या गाडीवरची ती झूल मी पावडर चोपडतानाही नीट पाहिली नव्हती. काढणाऱ्याने झूल काढली होती आणि मी तिच्यावर उजेड ओतून ती पुसून टाकली होती. मला खरंच लाज वाटली.

चरक काढला, इंजिन काढलं. स्टुडिओत येऊन तिन्हींचे प्रिंट मोठ्या कागदावर काढले, वाळेपर्यंत पंख्याखाली धरले आणि निघालो. पावणेपाच झाले होते. वाटेत मात्र माझा जोर हळूहळू ओसरला. इतका वेळ मी डागामागे धावत होतो. आता दुसरीच भीती बसली. समजा तात्यांनी हा स्वच्छ फोटो हातात घेतला आणि म्हणाले, डाग अजून हाय? दोन्ही गोष्टी खऱ्या असायला काय हरकत होती? माझ्या फोटोतही डाग आणि त्यांच्या डोळ्यातही डाग. मग मी एवढा खटाटोप करून म्हाताऱ्याला तो आंधळा होतोय एवढंच सिद्ध करून दाखवणार होतो, आणि वर शब्दात अडकल्यामुळे त्याला दवाखान्यात चल म्हणायचीही सोय राहणार नव्हती.

म्हस्कू येऊन बसला होता. ओट्यावर चहाचे कप रिकामे पडले होते. अंजली दिवसभर घरीच होती, रजा टाकून. मी बैलगाडीचा फोटो तात्यांच्या हातात दिला.

ते उठले, ओट्याच्या कडेला उजेडात गेले. उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि फोटो डाव्या डोळ्याजवळ धरला. मग लांब धरला. मग परत जवळ. भागुबाईंनी पदराचं टोक मुठीत आवळलं होतं. मला वाटतं ते एखादंच मिनिट असेल, पण माझ्या आयुष्यातलं तेवढं लांब मिनिट मला दुसरं आठवत नाही.

“हिंदुराव.”

“जी?”

“झूल दिसतीया.”

त्यांनी फोटो आणखी जवळ घेतला.

“तांबडा काठ हाय. काठावर पिवळं ठिपकं.” ते बोटाने एकेक ठिपका मोजत होते. “नऊ. नऊच काढलं हुतं मी. दुसरं आणा.”

मी चरक दिला. लाटेवर डाग नव्हता. इंजिन दिलं. चाक अख्खं होतं. त्यांनी जुना अल्बम मागवला, त्यातलं बैलाचं पान नव्या फोटोशेजारी धरलं, एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. “डाग तुमचाच हुता,” ते म्हणाले.

“माझाच हुता, तात्या.” कुणी माझ्या कामाला नाव ठेवलं आणि मला आनंदाने रडू आलं, असं पहिल्यांदाच घडत होतं.

भागुबाई मात्र भडकल्या. “आठ दिस! आठ दिस ह्या माणसानं मनातल्या मनात आंधळं होऊन घेतलं, आन बायकूला एका शब्दानं सांगितलं न्हाय!” असं म्हणता म्हणता त्या हसायला लागल्या, आणि डोळे पुसत आत चहा टाकायला गेल्या. अंजली पायरीवर मटकन बसली आणि तिने डोकं खांबाला टेकवलं. म्हस्कूने आपणहून उठून सुतळीची गाठ सोडायला घेतली. पेटी हातची गेली याचं त्याला वाईट वाटलं असेल, पण तोंड हसरं होतं.

तात्यांचं या कशाकडे लक्ष नव्हतं. ते इंजिनाचा फोटो घेऊन बसले होते. बराच वेळ त्यांनी तो असा काही पाहिला की मला परत धास्ती वाटायला लागली.

“म्हस्कू, पेन्सिल दे रं.”

म्हस्कूच्या कानावर सुताराची चपटी पेन्सिल होती, ती त्याने दिली. तात्यांनी माझ्या त्या नव्याकोऱ्या फोटोवर, चाकाच्या कडेला, एक गोल केला.

“हितं रंग काठाभाईर गेलाय,” ते म्हणाले. “ह्ये दिवाळीनंतरचं काम. तवा मला दिसलं न्हवतं.” त्यांनी दुसरा गोल केला. “आन हितं खिट्टी वाकडी बसलीया. अंदाजानं बशिवली हुती.”

त्या चुका फ्लॅशच्या नव्हत्या. त्या खरोखर डोळ्याच्या होत्या, आणि तात्यांना ते आमच्या आधी कळलं होतं. पण त्यांच्या आवाजात सकाळचं ते ‘माझं झालं’ कुठेच नव्हतं. शॉपमध्ये एखाद्या शिकाऊ पोराचं काम तपासताना ते असेच बोलत असणार.

“चाक परत रंगवाय लागंल,” ते म्हणाले. “अंजली, उद्या किती वाजता निघायचं?”

“आठला, मामा,” अंजली खांबावरचं डोकं उचलून पटकन म्हणाली.

“साडेसातला निघू. तितं लवकर नंबर लागतोय.” मग माझ्याकडे वळून, “आन हिंदुराव, कपाटातली बाकीची कवा नेताय? समद्यांचं असंच काढा. कुठं कुठं चुकलोय ते एकदा बघू दे मला.”

“उद्याच नेतो.”

“उद्या मी न्हाय. परवा या.”

भागुबाईंनी चहा आणला. म्हस्कूने पेटी आत नेऊन ठेवली, चहा घेतला आणि गाडीला किक मारताना सवयीने कानामागे हात नेला. कान रिकामा होता. त्याने ओट्याकडे पाहिलं. तात्या चरकाचा फोटो डाव्या डोळ्याशी धरून बसले होते आणि पेन्सिल त्यांच्या कानावर होती. म्हस्कूने ती परत मागितली नाही.